करार संपत आलेला खेळाडू ठेवावा की ट्रेड करावा? हरणाऱ्या एनएफएल संघाने मांडायचा हिशेब

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये दर हंगामाच्या मध्यावर काही संघ एकाच पेचात सापडलेले दिसतात. आठ सामने झालेले असतात आणि त्यांतले दोन-तीनच जिंकलेले असतात. प्लेऑफचे (हंगामानंतरच्या बाद फेरीचे) गणित कागदावर अजून जुळत असते, पण मैदानावरचा खेळ पाहून त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. आणि नेमके संघातल्या चांगल्या दोन-तीन खेळाडूंचे करार येत्या मार्चमध्ये संपणार असतात. त्यांना दुसऱ्या संघाकडे ट्रेड करून ड्राफ्टमधल्या (नवोदित खेळाडू फेऱ्याफेऱ्यांनी निवडून घेण्याच्या वार्षिक प्रक्रियेतल्या) निवडी पदरात पाडून घ्याव्यात, की नवा करार देऊन त्यांना ठेवून घ्यावे, हे ठरवायला फार तर दोन आठवडे मिळतात.

चाहते हा प्रश्न बहुधा गुणतक्ता पाहून सोडवतात: संघ हरतो आहे, तेव्हा सगळे विकून टाका. मला हे पटत नाही. त्याच गुणतक्त्यावर उभे राहून एक संघ खेळाडू विकतो आणि दुसरा विकत घेतो, आणि दोघांचेही बरोबर ठरू शकते. खरा प्रश्न प्रत्येक खेळाडूपुरता वेगळा विचारावा लागतो. आपला संघ पुन्हा जिंकण्याच्या स्थितीत येईल, तेव्हा हा खेळाडू किती वर्षांचा असेल, त्याच्या जागेची किंमत तेव्हा किती असेल, आणि ती आपण आनंदाने देऊ का? याचे उत्तर ‘हो’ असेल, तर ट्रेडच्या मुदतीआधी करार करण्याचा मनापासून प्रयत्न करावा. ‘नाही’ असेल, तर तो कितीही लाडका असला तरी ट्रेड करावा. सर्वांत महाग पडते ते उत्तर न देता हंगाम संपू देणे. पुढचे सारे विवेचन ते उत्तर वेळेत कसे काढावे याबद्दल आहे.

वेळापत्रक आधी समजून घ्यावे

२०२४ पासून ट्रेडची मुदत हंगामाच्या नवव्या आठवड्यानंतरच्या मंगळवारी संपते. त्याआधी ती आठव्या आठवड्यानंतर संपत असे. हा एक आठवडा वाढल्याने हरणाऱ्या संघांना आपली स्थिती ओळखायला थोडा अधिक अवधी मिळाला आहे. मुदत संपली की पुन्हा ट्रेड सुरू होतात ते मार्चच्या मध्याला, नव्या लीग वर्षाबरोबर, आणि ज्याचा करार संपत आहे त्याचा करार नेमका त्याच क्षणी संपतो. म्हणजे अशा खेळाडूच्या बाबतीत नोव्हेंबरमधला तो मंगळवार हाच ट्रेडचा शेवटचा दिवस असतो. त्यानंतर हाती उरतात फक्त तीन गोष्टी: नवा करार, फ्रँचायझी टॅग (खेळाडूला एका वर्षासाठी अडवून ठेवण्याचा संघाचा हक्क), किंवा त्याला जाऊ देणे.

पगाराचाही वेळापत्रकाशी संबंध आहे. हंगामातला मूळ पगार १८ साप्ताहिक हप्त्यांत दिला जातो, त्यामुळे नवव्या आठवड्यानंतर खेळाडू घेणाऱ्या संघाला उरलेला निम्माच पगार द्यावा लागतो. करारावर सही करताना दिलेला बोनस मात्र सॅलरी कॅपच्या (संघाच्या एकूण पगारखर्चावरच्या मर्यादेच्या) हिशेबात पुढच्या वर्षांवर विभागून मांडलेला असतो, आणि त्याचा न मांडला गेलेला भाग जुन्याच संघाच्या कॅपवर राहतो. यालाच ‘डेड मनी’ म्हणतात. करार यंदाच संपत असेल तर हा भार सहसा थोडा असतो, पण काही करारांत केवळ हिशेबासाठी जोडलेली पोकळ वर्षे असतात. तेव्हा ट्रेडचा विचार मनात येताच आधी करारपत्रातला हा रकाना तपासावा.

खेळाडूनिहाय पत्रक

जनरल मॅनेजरने सप्टेंबर संपण्यापूर्वीच करार संपणाऱ्या प्रत्येक खेळाडूसाठी एक पान तयार ठेवावे. त्यावर वय, मैदानावरची जागा, दुखापतींचा इतिहास, त्याच जागेवरच्या खेळाडूंना अलीकडे मिळालेले करार, आणि आपल्याकडे त्याची जागा घेऊ शकणारा कोणी आहे का, एवढे असले तरी पुरे. प्रशिक्षकांचे मत जरूर लिहावे, पण वेगळ्या शाईने, कारण प्रशिक्षकाला येता रविवार जिंकायचा असतो आणि हे पान त्यापुढच्या तीन वर्षांचे आहे.

यात मी सर्वांत जास्त वजन जागेला देतो. शिकागो बेअर्सचे उदाहरण फार बोलके आहे. २०२२ च्या ३१ ऑक्टोबरला, तीन विजय आणि पाच पराभव अशी स्थिती असताना, जनरल मॅनेजर रायन पोल्स यांनी लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या रांगेतला खेळाडू) रोक्वान स्मिथला बाल्टिमोर रेव्हन्सकडे पाठवले आणि बदल्यात दुसऱ्या व पाचव्या फेरीची निवड आणि एक अनुभवी लाइनबॅकर घेतला. स्मिथ तेव्हा टॅकल करण्यात, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडण्यात, लीगमध्ये अव्वल होता, वय अवघे २५, आणि उन्हाळ्यात कराराची बोलणी फिसकटल्यावर त्याने स्वतःच ट्रेड मागितला होता. जानेवारीत रेव्हन्सनी त्याला पाच वर्षांसाठी १० कोटी डॉलरचा करार दिला. बरोबर एका वर्षाने, दोन विजय आणि सहा पराभव अशा आणखी वाईट स्थितीत, त्याच पोल्स यांनी वॉशिंग्टन कमांडर्सना दुसऱ्या फेरीची निवड देऊन माँटेझ स्वेट हा एज रशर (बचावफळीच्या कडेने चाल करणारा खेळाडू) घेतला, ज्याचा करार पुढच्या मार्चमध्ये संपत होता, आणि चारच दिवसांत त्याच्याशी चार वर्षांचा ९ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला.

वरवर पाहता हे परस्परविरोधी वाटते. एक विकला, दुसरा घेतला, आणि दुसऱ्याला वर्षाला अधिक पैसे दिले. पण क्वार्टरबॅकवर (आक्रमणाच्या सूत्रधारावर, जो चेंडू फेकतो) दबाव आणणारा खेळाडू मिळणे दुर्मिळ असते आणि असे खेळाडू मोकळ्या बाजारात क्वचितच येतात, तर मधला लाइनबॅकर तुलनेने सहज उभा करता येतो, हे मत एकदा पक्के झाले की दोन्ही निर्णय एकाच विचारातून आलेले दिसतात. ते मत सर्वांनाच पटेल असे नाही. रेव्हन्सना पटले नव्हते, आणि स्मिथने त्यांच्याकडे उत्तम खेळ केला. मुद्दा असा की पोल्स यांच्याकडे मत होते आणि त्यांनी त्यानुसार दोन्ही वेळा मुदतीआधी पाऊल उचलले.

वयाबद्दल एक सावधगिरी. रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे) लवकर उतरणीला लागतात, क्वार्टरबॅक आणि आक्रमणातले लाइनमन टिकतात, हा ढोबळ नियम उपयोगी आहे, पण नियमाला अपवाद असतात आणि ते अपवाद फार झोंबतात. त्याचे उदाहरण पुढे येईलच.

बाजारात काय मिळते

करार संपणाऱ्या खेळाडूचा भाव हा अर्ध्या हंगामाचा भाव असतो, त्यामुळे चाहत्यांच्या मनातल्या आकड्यांपेक्षा तो कमीच निघतो. स्वेट गेला त्याच दिवशी वॉशिंग्टनने चेस यंगलाही सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सकडे पाठवले. यंग तीन वर्षांनी लहान, ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला. पण २०२१ मध्ये त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला होता आणि संघाने त्याच्या पहिल्या कराराचे पाचवे, संघाच्या मर्जीवरचे वर्ष घेण्याचे नाकारले होते. स्वेटच्या बदल्यात दुसऱ्या फेरीची निवड मिळाली, यंगच्या बदल्यात तिसऱ्या फेरीच्या शेवटची. बाजार नाव पाहत नाही, येत्या दोन महिन्यांत खेळाडू किती उपयोगी पडेल एवढेच पाहतो. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये मायामी डॉल्फिन्सनी दोन मोठ्या दुखापतींतून परतलेल्या जेलन फिलिप्सला फिलाडेल्फिया ईगल्सकडे पाठवले, तेव्हाही तिसऱ्या फेरीचीच निवड आली. पहिल्या फेरीची निवड क्वचित मिळते. २०२२ मध्ये ब्रॅडली चबसाठी मायामीने डेन्व्हर ब्रॉन्कोजना ती दिली, कारण त्याला लगेच दीर्घ करार देण्याची मायामीची तयारी होती, आणि तो दिलाही. म्हणून खरेदीदार शोधताना फक्त अर्धा हंगाम हवा असलेला संघ आणि खेळाडूला पुढची चार वर्षे ठेवू इच्छिणारा संघ यांत फरक करावा. दुसऱ्याकडून नेहमी जास्त मिळते.

भाव वाढवण्याचा एक मार्ग पुष्कळ चाहत्यांना माहीत नसतो: खेळाडूचा उरलेला पगार आपणच भरणे. एक उदाहरण मांडून पाहू. समजा एका एज रशरचा यंदाचा मूळ पगार १ कोटी ८० लाख डॉलर आहे, म्हणजे आठवड्याला १० लाख. नऊ आठवडे झाले, ९० लाख उरले. ज्या संघाला तो हवा आहे त्याच्या कॅपमध्ये ३० लाखांचीच जागा आहे, म्हणून तो एकतर मागे हटेल किंवा चौथ्या फेरीची निवड देऊ करेल. आपण ६० लाख बोनसच्या रूपाने आधीच देऊन टाकले, तर त्याला ३० लाखच द्यावे लागतात, आणि मग तिसऱ्या फेरीची निवड मागता येते. आपले नुकसान काय झाले? तो आपल्याकडेच राहिला असता, तर ९० लाख आपण देणारच होतो. म्हणजे ३० लाख वाचले, आणि वर निवड मिळाली. वाचलेली कॅपची जागा पुढच्या वर्षात नेता येते.

ही निव्वळ पाटीवरची बेरीज-वजाबाकी नाही. २०२१ च्या १ नोव्हेंबरला डेन्व्हरने व्हॉन मिलरला लॉस एंजेलिस रॅम्सकडे पाठवले, तेव्हा उरलेल्या सुमारे ९७ लाखांपैकी ९० लाख डॉलर डेन्व्हरनेच भरले आणि बत्तिशी उलटलेल्या खेळाडूच्या अर्ध्या हंगामासाठी दुसऱ्या व तिसऱ्या फेरीच्या निवडी मिळवल्या. रॅम्सनी त्या हंगामात सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकला. मार्चमध्ये मिलरने बफेलो बिल्सशी करार केला. डेन्व्हरने त्या दुसऱ्या फेरीच्या निवडीतून निक बोनिटो हा एज रशर घेतला, ज्याने २०२४ मध्ये साडेतेरा सॅक केले, म्हणजे तितक्या वेळा क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडले. दोन्ही संघांचे भले झाले असे ट्रेड मला फार आवडतात.

‘जाऊ दे, भरपाई मिळेलच’ या समजाबद्दल

हा भाग मला जरा सविस्तर लिहावासा वाटतो, कारण सर्वांत मोठी चूक इथेच होते.

करार संपून खेळाडू दुसरीकडे गेला, तर लीग भरपाई म्हणून कॉम्पेन्सेटरी पिक देते, तेव्हा ट्रेड करून वेगळे काय मिळणार, असे म्हटले जाते. बलाढ्य संघांच्या बाबतीत हे पुष्कळदा खरे असते. हरणाऱ्या संघाच्या बाबतीत बहुधा खरे नसते, आणि त्याची कारणे नियमांतच आहेत.

पहिले म्हणजे, ही भरपाई तिसऱ्या फेरीच्या शेवटापासून सातव्या फेरीपर्यंतच मिळते. म्हणून कोणी दुसऱ्या फेरीची निवड देऊ करत असेल, तर भरपाईशी तुलना तिथेच थांबवावी. दुसरे म्हणजे, ती एक वर्ष उशिरा येते. नोव्हेंबरमध्ये ट्रेड केला तर पुढच्याच एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये निवड वापरता येते. मार्चमध्ये खेळाडू गेला, तर भरपाई त्यानंतरच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये. तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, भरपाई गेलेल्या आणि आलेल्या खेळाडूंच्या वजाबाकीवर ठरते. करार संपून आपल्याकडून एक मोठा खेळाडू गेला आणि तसाच करार संपलेला तेवढ्याच भावाचा दुसरा खेळाडू आपण घेतला, तर दोघे एकमेकांना रद्द करतात आणि हाती शून्य राहते. आता विचार करा: मार्चमध्ये सर्वांत जास्त खरेदी कोण करतो? ज्याच्या संघात भोके पडली आहेत आणि ज्याच्याकडे कॅपची मोकळी जागा आहे, तोच. म्हणजे हरणारा संघच. तो जी भरपाई नोव्हेंबरमध्ये गृहीत धरतो, तीच मार्चमध्ये स्वतःच्या हाताने पुसून टाकतो.

यावर उपाय सोपा आहे. भरपाईचा युक्तिवाद कोणी केला, की त्याला येत्या मार्चमधल्या खरेदीचा आराखडा मागावा. आराखड्यात बाहेरचे दोन-तीन मोठे खेळाडू असतील, तर भरपाईची रक्कम शून्य धरूनच पुढचा हिशेब करावा. अन्य संघांनी करारमुक्त केलेले खेळाडू या वजाबाकीत धरले जात नाहीत, हे खरे; पण तेवढ्यांवर संघ उभा राहत नाही.

टॅगचा आधार किती घ्यावा

फ्रँचायझी टॅगमुळे दर वर्षी एका खेळाडूला एका वर्षासाठी अडवून ठेवता येते. त्याचा दर त्या जागेवरच्या सर्वोच्च पाच पगारांवरून किंवा खेळाडूच्या मागच्या पगाराच्या १२० टक्के, यांपैकी जे जास्त असेल त्यावरून ठरतो. हे हत्यार हाताशी आहे म्हणून नोव्हेंबरमध्ये निर्धास्त राहणारे संघ मी पुष्कळ पाहिले आहेत. परंतु टॅग एकच असतो आणि खेळाडू दोन-तीन असतात, दुसऱ्या वर्षी तो आणखी महागतो, आणि लांब पल्ल्याचा करार जुलैच्या मध्यापर्यंत झाला नाही तर ते वर्ष तसेच निघून जाते. वॉशिंग्टनने क्वार्टरबॅक कर्क कझिन्सला २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे टॅग लावला, दोन हंगामांचे मिळून ४ कोटी ३० लाखांहून अधिक डॉलर दिले, आणि २०१८ मध्ये तो मिनेसोटा व्हायकिंग्जकडे गेला.

टॅग लावून मग ट्रेड करता येतो, पण तेव्हा भाव उतरलेला असतो, कारण विकणे भाग आहे हे सर्वांना ठाऊक असते. कॅरोलिना पँथर्सने २०२२ च्या हंगामात ब्रायन बर्न्ससाठी रॅम्सनी देऊ केलेल्या पहिल्या फेरीच्या दोन निवडी नाकारल्याच्या बातम्या तेव्हा सर्वत्र आल्या होत्या. त्यानंतर दीड वर्ष करार जुळला नाही, २०२३ चा हंगाम दोन विजय आणि पंधरा पराभवांनी संपला, आणि मार्च २०२४ मध्ये टॅग लावून त्यांनी बर्न्सला न्यूयॉर्क जायंट्सकडे दिले, ते मुख्यतः दुसऱ्या फेरीच्या एका निवडीवर. नकार देणे चूक नव्हते. नकार दिल्यावर लगेच करार न करणे ही चूक होती.

एकच खेळाडू, दोन्ही बाजूंनी

जायंट्सच्या बाबतीत असा योग आला की एकाच खेळाडूवर दोन्ही प्रयोग झाले, आणि दोन्ही वेळा संघाची स्थिती तंतोतंत तीच होती: दोन विजय, सहा पराभव.

२८ ऑक्टोबर २०१९ रोजी त्यांनी बचावफळीतला लाइनमन लेनर्ड विल्यम्स न्यूयॉर्क जेट्सकडून घेतला. त्याचा करार त्याच हंगामानंतर संपत होता. बदल्यात तिसऱ्या फेरीची निवड दिली आणि त्यापुढच्या वर्षीची पाचव्या फेरीची, अशी अट घालून की नवे लीग वर्ष सुरू होण्याआधी त्याचा करार वाढला तर ती चौथ्या फेरीची होईल. त्या अर्ध्या हंगामाने संघाचे काहीच बदलले नाही. वेळेत करारही झाला नाही, म्हणून २०२० मध्ये टॅग लावावा लागला. त्या वर्षी विल्यम्सने साडेअकरा सॅक केले आणि साहजिकच त्याचा भाव चढला. २०२१ मध्ये पुन्हा टॅग लावून अखेर तीन वर्षांसाठी ६ कोटी ३० लाख डॉलरचा करार झाला. खेळाडू उत्तम निघाला, पण ज्याच्यासाठी निवडी मोजल्या त्याच्याशी ट्रेडबरोबरच करार करून ठेवला असता, तर पुष्कळ पैसे वाचले असते. शिकागोने स्वेटच्या बाबतीत चार दिवसांत जे केले, ते इथे सतरा महिने लांबले.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी, तोच करार संपायला आला असताना, जायंट्सनी २९ वर्षांच्या विल्यम्सला सिॲटल सीहॉक्सकडे पाठवले. उरलेल्या पगाराचा बहुतांश भाग स्वतः भरला आणि बदल्यात २०२४ ची दुसऱ्या फेरीची व २०२५ ची पाचव्या फेरीची निवड घेतली. सिॲटलने मार्चमध्ये त्याच्याशी नवा करार केला, म्हणजे त्यांनाही खेळाडू मिळाला. जायंट्सनी त्या निवडीतून टायलर नुबिन हा सेफ्टी (बचावातला सर्वांत मागचा खेळाडू) घेतला.

त्याच आठवड्यात त्यांच्याकडे आणखी दोन खेळाडूंचे करार संपत आले होते: सेफ्टी झेव्हियर मॅकिनी आणि रनिंग बॅक सॅक्वॉन बार्कली. दोघांनाही त्यांनी ट्रेड केले नाही आणि करारही दिला नाही. हंगाम सहा विजय आणि अकरा पराभवांवर संपला. मार्चमध्ये मॅकिनी ग्रीन बे पॅकर्सकडे गेला, आणि त्याच्या जाण्याची भरपाई २०२५ च्या ड्राफ्टमध्ये ९९ व्या क्रमांकाची निवड म्हणून मिळाली. बार्कली तीन वर्षांच्या करारावर ईगल्सकडे गेला. पुढच्या हंगामात त्याने २००५ यार्डांची धाव घेतली आणि ईगल्सनी सुपर बोल जिंकला. रनिंग बॅकला वयाच्या सत्ताविशीत मोठा करार न देण्याचे तत्त्व मी आजही मान्य करतो. पण ते तत्त्व ऑक्टोबरमध्येही तेवढेच खरे होते, आणि ते मानणाऱ्या संघाने तेव्हाच खरेदीदार शोधायला हवा होता. ज्या चाहत्यांनी सहा वर्षे त्याच्या नावाची जर्सी घातली, त्यांना हे पाहणे किती जड गेले असेल याची मला पूर्ण कल्पना आहे.

हरणाऱ्या संघाने खरेदी करावी का

क्वचित, आणि दोन अटींवर. खेळाडूची जागा दुर्मिळ हवी, आणि त्याच्याशी लगेच दीर्घ करार करण्याची तयारी हवी. २०१७ मध्ये फोर्टीनाइनर्स आठही सामने हरलेले असताना त्यांनी दुसऱ्या फेरीची निवड देऊन न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून जिमी गरोपलो हा क्वार्टरबॅक घेतला, ज्याचा करार त्याच हंगामात संपत होता. सुरुवातीपासून खेळलेले पाचही सामने त्याने जिंकून दिले, फेब्रुवारीत पाच वर्षांचा करार झाला, आणि २०१९ च्या हंगामात संघ सुपर बोलपर्यंत पोहोचला. त्यांना अर्ध्या हंगामाची चाचणी घ्यायला मिळाली, जी मोकळ्या बाजारात मिळाली नसती.

उलट बाजूही शिकागोनेच दाखवली. स्मिथला विकले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःची दुसऱ्या फेरीची निवड देऊन रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) चेस क्लेपूल घेतला. हरणाऱ्या संघाची निवड वर असते हे त्यांनी पुरेसे लक्षात घेतले नाही. ती शेवटी एकूण ३२ व्या क्रमांकाची ठरली, आणि क्लेपूल वर्षभरात मायामीला गेला. आपल्या निवडीची किंमत आपल्या पराभवांबरोबर वाढत जाते, हे खरेदी करताना विसरू नये.

निर्णय कोणाच्या हाती असावा

जनरल मॅनेजरची स्वतःची खुर्ची डळमळीत असेल, तर त्याच्याकडून हा निर्णय घेऊ नये. ज्याला जानेवारीत घरी जायची भीती आहे, तो एकतर दोन विजयांसाठी खेळाडू अडवून ठेवतो किंवा काहीतरी केल्याचे दिसावे म्हणून स्वस्तात विकतो. मालकाने अशा वेळी स्वतः लक्ष घालावे. वॉशिंग्टनमध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात मालकी बदलली होती, आणि दोन्ही एज रशर एकाच दिवशी देण्याचा निर्णय हा पुढच्या कारभाऱ्यांना हाती काही देऊन जाण्याचा निर्णय होता. त्याची किंमत मैदानावर मोजावी लागली: त्या हंगामात त्यांच्यावर लीगमध्ये सर्वाधिक, ५१८ गुण झाले आणि हंगाम चार विजय, तेरा पराभवांवर संपला. पण त्यातूनच ड्राफ्टमधली दुसऱ्या क्रमांकाची निवड आली, जेडेन डॅनियल्स आला, आणि पुढच्याच हंगामात संघाने बारा सामने जिंकले. विकलेल्या खेळाडूंच्या निवडींपेक्षा पराभवांमुळे वर सरकलेली स्वतःची निवड अधिक मोलाची ठरली. मुद्दाम हरावे असे मी कधीही म्हणणार नाही, खेळाडू तसे खेळतही नाहीत. परंतु हा परिणाम हिशेबाच्या बाहेर ठेवता येत नाही.

खेळाडूंशी सरळ बोलावे, हे मी आग्रहाने सांगेन. ज्याचे नाव बाजारात आहे त्याला ते बातमीतून कळू नये. मागे राहणारे बावन्न जण हे सर्व पाहत असतात, आणि त्यांच्यापैकी काहींचे करार पुढच्या वर्षी संपणार असतात.

शेवटचे दोन आठवडे

मुदतीच्या दोन आठवडे आधी ज्यांना ठेवायचे ठरले आहे त्यांच्या एजंटापुढे आपला खरा आकडा ठेवावा, घासाघीस करण्यासाठीचा नव्हे, आणि उत्तरासाठी मुदतीच्या आधीचा शुक्रवार ठरवून द्यावा. आकडा काढताना मागच्या वर्षीच्या करारांवर विसंबू नये, कारण सॅलरी कॅप झपाट्याने वाढते आहे: २०२३ मध्ये ती २२ कोटी ४८ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. आज महाग वाटणारा करार दोन वर्षांनी मध्यम वाटतो, आणि तरुण खेळाडूच्या बाबतीत हा मुद्दा करार करण्याच्या बाजूने जातो.

त्याच सुमारास प्रत्येक खेळाडूच्या पानावर किमान स्वीकारार्ह किंमत लिहून ठेवावी आणि त्याखाली मालकाची सही घ्यावी. शेवटच्या तासांत फोन सतत वाजतात, पलीकडचा माणूस घाई करतो, आणि तेव्हा काढलेले आकडे सकाळी वेगळे दिसतात. शुक्रवारी होकार आला नाही, आणि देऊ केलेली किंमत पानावरच्या किमतीपेक्षा जास्त असेल, तर ट्रेड करावा. ती कमी असेल आणि खेळाडू खरोखर हवा असेल, तर ठेवावा, आणि दुसऱ्याच दिवशी बोलणी पुन्हा सुरू करावीत. जानेवारीपर्यंत थांबण्याचे काहीही कारण नसते.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात टॅगची खिडकी उघडते आणि मार्चच्या पहिल्या दिवसांत बंद होते. करार संपण्याच्या दोन दिवस आधी इतर संघांना खेळाडूच्या एजंटाशी बोलण्याची परवानगी मिळते. तोवर सही झालेली नसेल आणि टॅगही लावलेला नसेल, तर त्याचे पान बाजूला ठेवून खरेदीची यादी हाती घ्यावी, आणि तिच्यातल्या प्रत्येक नावापुढे ‘याला घेतल्यास भरपाई रद्द होते का’ हे लिहून मगच पहिला फोन लावावा.